मधलं पद फोडण्यापूर्वी

या वेळच्या पत्रांवर अवयवांचंच राज्य आहे. परीक्षा जवळ आली की असं होतं. त्रिकोणमितीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. उत्तरांत अज्ञातांसाठी मी क्ष आणि य वापरते; तुमच्या पुस्तकात दुसरी अक्षरं असतील तर ती घाला. पेन्सिल आणि कागद जवळ नसेल तर मात्र हे सदर आत्ता वाचू नका, नंतर वाचा.

बाई, मधलं पद फोडताना माझा फार वेळ जातो. ६क्ष² + ७क्ष − २० हेच घ्या. सर म्हणतात, १२० चे असे दोन अवयव शोध, ज्यांच्यातला फरक ७ आहे. मी १ × १२०, २ × ६० अशी यादी करत बसते. मैत्रिणीला लगेच दिसतं, मला का दिसत नाही? आणि मुळात ६ ला २० ने गुणायचंच कशाला? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी)

मैत्रिणीला ‘दिसतं’ यावर फार विश्वास ठेवू नकोस. ती यादी कुठून सुरू करते, ते तिला विचार. तू चुकीच्या टोकाकडून येते आहेस. १ आणि १२० मध्ये फरक ११९, २ आणि ६० मध्ये ५८. आपल्याला हवाय ७, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या संख्या. मग मधून सुरुवात कर. १२० चं वर्गमूळ ११ पेक्षा किंचित कमी. तिथली पहिली जोडी १० × १२, फरक २. तिच्या बाहेरची ८ × १५, फरक ७. मिळाली. मधून बाहेर जाताना फरक वाढतच जातो, म्हणून हवा तो फरक ओलांडला की थांबायचं. पुढे काही सापडणार नाही. शेवटचं पद धन असेल आणि बेरीज हवी असेल, तरी हेच: मधल्या जोडीची बेरीज सगळ्यात लहान, बाहेर जावं तशी मोठी.

आणखी एक युक्ती सांगते, ती मला जास्त आवडते. ७ विषम आहे. दोन संख्यांतला फरक विषम असेल तर त्यांतली एक सम आणि दुसरी विषम असलीच पाहिजे. १२० म्हणजे ८ × १५. त्यातले तिन्ही दोन एकाच संख्येत जायला हवेत, नाहीतर दोन्ही संख्या सम होतील. म्हणजे विषम संख्या १, ३, ५ किंवा १५ यांपैकीच. सोळा अवयवांची यादी चारच शक्यतांवर आली.

आता ‘६ ला २० ने का गुणायचं’ हा प्रश्न. हा तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक जण ही कृती पाठ करून मोकळे होतात. उलट बाजूने बघ. समज, उत्तर (अ·क्ष + ब)(क·क्ष + ड) असं आहे. कंस सोडव: पहिलं पद अ·क·क्ष², शेवटचं ब·ड, आणि मधे दोन तुकडे, अ·ड·क्ष आणि ब·क·क्ष. हे दोन तुकडे मिसळून एक झाले, म्हणून आपल्याला मधे एकच पद दिसतं. त्या तुकड्यांच्या सहगुणकांचा, म्हणजे क्ष च्या आधीच्या संख्यांचा, गुणाकार कर: अ·ड × ब·क. हीच चार अक्षरं पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकारातही आहेत: अ·क × ब·ड. तेव्हा मिसळलेले दोन तुकडे शोधताना त्यांची बेरीज मधल्या पदावरून कळते आणि गुणाकार दोन्ही टोकांवरून. ६ × (−२०) = −१२० हे तिथून येतं.

गुणाकार ऋण, म्हणून दोन्ही तुकड्यांची चिन्हं वेगळी. बेरीज धन, म्हणून मोठा तो धन. १५ आणि −८.

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

दोन्ही गटांत (२क्ष + ५) हा कंस आला तो योगायोग नाही. तुकडे बरोबर असतील तर तो येणारच. आला नाही तर तुकडे तपास किंवा दुसऱ्या गटाबाहेर काढलेलं चिन्ह तपास. माझ्या अनुभवात दहांपैकी नऊ वेळा चिन्हच असतं.

कधीकधी संख्या अशा येतात की जोडी काही केल्या सापडत नाही. तेव्हा शोधणं सोड आणि ती काढ. दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार माहीत असेल तर त्यांतला फरकही कळतो, कारण बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की फरकाचा वर्ग उरतो. इथे ७² − ४ × (−१२०) = ४९ + ४८० = ५२९, आणि ५२९ म्हणजे २३². बेरीज ७, फरक २३; म्हणून संख्या (७ + २३) ÷ २ = १५ आणि (७ − २३) ÷ २ = −८. अंदाज नाही, यादी नाही. ५२९ च्या जागी पूर्ण वर्ग नसलेली संख्या आली असती, तर पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत हेही तिथेच कळलं असतं. दहावीत ही संख्या विवेचक म्हणून भेटेल, तेव्हा तिला ओळख दे.

शेवटी ताळा. पूर्ण गुणाकार करायला वेळ नसेल तर क्ष = १ ठेव. मूळ राशी ६ + ७ − २० = −७. कंस: ७ × (−१) = −७. जुळलं. जुळलं म्हणजे उत्तर नक्की बरोबर असं नाही, पण जुळलं नाही तर नक्की चूक. पंधरा सेकंदांच्या कामाला एवढं फळ पुरे.

माझ्या मुलीने २क्ष² − १८ चे अवयव (२क्ष − ६)(क्ष + ३) असे लिहिले. गुणाकार करून पाहिला, बरोबर येतो. तरी शिक्षकांनी अर्धा गुण कापला. हा अन्याय नाही का? (एक आई)

गुणाकार बरोबर आहे, आणि अर्धा गुण कापला हेही बरोबर आहे. पूर्ण गुण कापला असता तर मी तुमच्या बाजूने भांडले असते.

१२ चे मूळ अवयव विचारले आणि कुणी २ × ६ लिहिलं, तर ते खोटं नाही, पण काम अर्ध्यावर सोडलेलं आहे. (२क्ष − ६) मध्ये अजून २ सामाईक आहे. तो आधीच बाहेर काढला असता तर २(क्ष² − ९) मिळालं असतं, आणि पुढचं २(क्ष − ३)(क्ष + ३) डोळ्यांसमोरच होतं. तिला एवढंच सांगा: कुठलंही सूत्र आठवण्याआधी सगळ्या पदांत सामाईक काय ते बाहेर काढायचं. आणि शेवटी प्रत्येक कंसाकडे पुन्हा एकदा बघायचं, तो अजून फुटतो का. क्ष⁴ − १६ मध्ये (क्ष² − ४)(क्ष² + ४) वर थांबणारी मुलं पुष्कळ असतात; पहिला कंस (क्ष − २)(क्ष + २) असा फुटतो हे त्यांना ठाऊक असतं, पण उत्तर लिहून झालं असं वाटून पेन खाली ठेवलेलं असतं.

क्ष² − ९ चे अवयव पडतात, क्ष² + ९ चे पडत नाहीत, असं आम्हाला शिकवलं. मित्र म्हणतो, क्ष⁴ + ४ चे पडतात. दोन्ही पदं धन असताना कसे पडतील? तो मला फसवतो आहे का? (दहावीतला विद्यार्थी)

मित्र बरोबर आहे, आणि तुझी शंकाही योग्य आहे. तुझ्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सोडवू.

क्ष² + ९ ला अवयव असते तर ते दोन एकघाती कंस असते. एकघाती कंस म्हणजे क्ष च्या कुठल्या तरी किमतीला तो शून्य होणार, आणि मग सगळी राशी शून्य होणार. पण वर्ग ऋण होत नाही, त्यामुळे क्ष² + ९ ही राशी ९ च्या खाली कधी येतच नाही. म्हणून वास्तव संख्यांत अवयव नाहीत. इथपर्यंत तुझ्या सरांचं म्हणणं पक्कं.

क्ष⁴ + ४ सुद्धा कधी शून्य होत नाही. त्यावरून काय सिद्ध झालं? एवढंच की तिला एकघाती अवयव नाही. पण चौथ्या घाताची राशी दोन वर्गराशींत (क्ष² पर्यंत जाणाऱ्या राशींत) फुटू शकते, आणि त्या दोन्ही कधी शून्य न होणाऱ्या असू शकतात. तो दरवाजा उघडाच आहे.

आत शिरायचं कसं? क्ष⁴ आणि ४ हे दोन्ही वर्ग आहेत, क्ष² चा आणि २ चा. (क्ष² + २)² चा विस्तार क्ष⁴ + ४क्ष² + ४. आपल्याकडे मधलं ४क्ष² नाही. नसेल तर मिळवू आणि लगेच वजाही करू:

क्ष⁴ + ४ = (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

बेरजेच्या पोटातून वर्गांतर, म्हणजे दोन वर्गांतला फरक, निघालं. बीजगणितात मला सर्वांत आवडणारी ओळ निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. तिचं सर्वसाधारण रूप, क्ष⁴ + ४य⁴ चे अवयव, सोफी जर्मेन (१७७६–१८३१) या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीच्या नावाने ओळखलं जातं.

क्ष = १० घालून बघ: १०००४ = १२२ × ८२. आता कुणी १०००४ ऐवजी २०⁴ + ४ दिलं, ७³² + ४ दिलं, तरी ती संख्या मूळ नाही हे भागाकार न करता सांगता येईल. क्ष ही १ पेक्षा मोठी पूर्ण संख्या असेल तर दोन्ही कंस १ पेक्षा मोठे, म्हणून क्ष⁴ + ४ कधीच मूळ संख्या नाही. फक्त क्ष = १ ला लहान कंस १ होतो आणि ५ उरतात.

याच युक्तीने क्ष⁴ + क्ष² + १ करून बघ. कमी काय पडतंय ते तूच शोध. ताळ्यासाठी क्ष = १० ला १०१०१ = १११ × ९१.

आणि क्ष⁴ + १? तिथे मिळवायचं पद २क्ष², त्याचं वर्गमूळ √२ क्ष. अवयव (क्ष² + √२ क्ष + १)(क्ष² − √२ क्ष + १). पूर्णांकांत पडत नाहीत, √२ ची परवानगी दिली तर पडतात. म्हणून ‘अवयव पडतात का’ या प्रश्नाला ‘कुठल्या संख्या वापरून’ हे शेपूट लावल्याशिवाय नेमकं उत्तर नसतं. हे न सुचल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लायब्निझसारखा माणूस, कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एक, त्याने १७०२ साली क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव संख्यांत दोन वर्गराशींचे अवयव पडत नाहीत असं मानून पुढची गणितं मांडली होती. मिळवा आणि वजा करा, एवढंच राहून गेलं.

(क्ष − २)(क्ष − ३) = ६ या समीकरणात मी क्ष − २ = ६ आणि क्ष − ३ = ६ असं लिहिलं. उत्तरं ८ आणि ९. पुस्तकात ० आणि ५ आहेत. (विद्यार्थी)

८ घालून बघितलंस का? ६ × ५ = ३०. सहा नव्हे.

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असते. हा गुण फक्त शून्याचा. गुणाकार ६ असेल तर २ × ३, १२ × अर्धा, −१ × −६, काहीही चालेल. एकट्या कंसाबद्दल काही कळत नाही. म्हणून आधी कंस मोड, सगळं एका बाजूला आण: क्ष² − ५क्ष + ६ = ६, म्हणजे क्ष² − ५क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ५) = ०. आणि इथे दोन्ही बाजूंना क्ष ने भागण्याचा मोह टाळ, नाहीतर ० हे उत्तर हातचं जाईल. सगळी पदं एका बाजूला आणून कंसांचा गुणाकार शून्याबरोबर मांडायची रीत थॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात दिसते. सवय जुनी आहे, आणि कामाची आहे.

क्ष³ − ४क्ष² + क्ष + ६ सारख्या घनराशीत कुठली संख्या घालून बघायची हे कसं ठरवायचं? मी १० पर्यंत सगळ्या घालत जाते. (विद्यार्थिनी)

७ घालायची गरज नाही, ४ आणि ५ सुद्धा नको. पहिला सहगुणक १ असेल तर पूर्णांक उत्तर हे शेवटच्या पदाचा विभाजक असतंच. इथे ६ चे: १, २, ३, ६ आणि त्यांचे ऋण भाऊ.

१ आणि −१ साठी तर आकडेमोडही नको. सगळ्या सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर (क्ष − १) अवयव. इथे १ − ४ + १ + ६ = ४, नाही. सम घातांच्या सहगुणकांची बेरीज (स्थिर पदासकट) विषम घातांच्या सहगुणकांच्या बेरजेएवढी असेल तर (क्ष + १) अवयव. इथे −४ + ६ = २ आणि १ + १ = २. आहे! भागाकार केला की क्ष² − ५क्ष + ६ उरतं, पुढचं तुला येतं: (क्ष + १)(क्ष − २)(क्ष − ३). राशी शून्य करणारी एक किंमत सापडल्यावर बाकीच्या घालून शोधत बसू नकोस. भागून राशी लहान करून घे. एखादी किंमत घातल्यावर राशी शून्य झाली तर (क्ष − ती किंमत) हा तिचा अवयव, हाच अवयव सिद्धांत; तो फ्रेंच गणितज्ञ देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथात आहे.

मोबाइलवर फोटो काढला की अवयव पायऱ्यांसकट मिळतात. मग मुलांना हे शिकवायचं कशाला? (एक पालक)

तुम्ही म्हणता ते खरं आहे. बहुपदीचे अवयव पाडण्यात यंत्र माणसाच्या फार पुढे आहे. परिमेय सहगुणकांच्या बहुपदीचे अवयव झटपट पाडणारी, कितीही मोठ्या राशीला न अडणारी रीत १९८२ पासून माहीत आहे.

गंमत अशी की साध्या संख्यांच्या बाबतीत तशी रीत आजच्या संगणकांकडे नाही. १९७७ साली १२९ अंकी एका संख्येचे अवयव शोधण्याचं आव्हान जाहीर झालं आणि ते सुटायला १९९४ उजाडलं. इंटरनेटवरची कितीतरी गुपितं याच अवघडपणाच्या भरवशावर ठेवलेली आहेत. आणि संख्या फोडण्याच्या आजच्या रीतींचं मूळ आठवीतल्या वर्गांतरात आहे. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४३ च्या सुमारास २०२७६५१२८१ ही संख्या फोडली. तिच्या वर्गमुळाच्या वरची पहिली पूर्ण संख्या ४५०३०. तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा केल्यावर उरतो तो पूर्ण वर्ग आहे का, हे बघायचं. नसेल तर ४५०३१. बाराव्या पायरीला, ४५०४१ शी, १०२०² उरला. म्हणून संख्या = (४५०४१ − १०२०)(४५०४१ + १०२०) = ४४०२१ × ४६०६१. तुमच्या मुलाला ८०५१ द्या आणि म्हणा, ९० च्या वर्गाच्या जवळ आहे बघ. त्याने ८३ × ९७ काढलं तर फोटो काढायची आठवणही त्याला होणार नाही.

शिवाय फोटो काढायला राशी समोर लिहिलेली असावी लागते. भौतिकशास्त्राच्या एखाद्या गणितात तिसऱ्या ओळीवर वर्गांतर तयार होतं, ते ओळखलं तर चौथी ओळ सोपी होते. तिथे कुणी ‘अवयव पाडा’ असं लिहून ठेवत नाही. बाकी घरी ताळा करायला मुलाने मोबाइल वापरला तर माझी हरकत नाही. आधी वही, मग मोबाइल.

बाई, मी क्ष² − १ पासून क्ष¹² − १ पर्यंत सगळ्यांचे अवयव पाडले. क्ष⁶ − १ चे (क्ष − १)(क्ष + १)(क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १) आले. कुठल्याही कंसात १, −१ किंवा ० शिवाय दुसरा सहगुणक आलाच नाही. हा नियम आहे का? मी तो शोधला असं म्हणू का? (आठवीतला विद्यार्थी)

तू शोधलास हे खरं. नियम मात्र नाही, आणि तो कुठे मोडतो हे ऐकून तुला माझ्याइतकीच मजा वाटेल. पुढे वीस, पन्नास, शंभरपर्यंत जा, तुझं म्हणणं टिकतं. १०४ पर्यंत टिकतं. क्ष¹⁰⁵ − १ ला मोडतं.

१०५ म्हणजे ३ × ५ × ७. तीन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांनी भाग जाणारी ही पहिलीच संख्या. घातांकात असे विषम मूळ अवयव जास्तीत जास्त दोन असतील तर तुझा नियम मोडू शकत नाही. ते मिगोटी नावाच्या गणितज्ञाने १८८३ साली सिद्ध केलं. तेव्हा तुझ्या म्हणण्याचा मोठा भाग खराच आहे, फक्त त्याला अट लावावी लागेल. क्ष¹⁰⁵ − १ च्या अवयवांत एक कंस ४८ व्या घाताचा आहे. त्यात दोन ठिकाणी सहगुणक −२ आहे: क्ष⁴¹ ला आणि क्ष⁷ ला.